अंगातून गाडी उतरेपर्यंत

बंगळूरला नोकरीला लागलो तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो, आणि वर्षभरात माझी प्रकृती चाळिशी उलटलेल्या माणसासारखी झाली. तसं बघितलं तर तक्रारीला जागा नव्हती. साताऱ्याहून आलो होतो, तिथल्या हवेचा मला अभिमान होता. पण बंगळूरची हवा तिच्याहून सरस निघाली. कारखाना सरकारी, साहेब समजूतदार, खोली बसवनगुडीत, खिडकीबाहेर फणसाचं झाड. फक्त महिन्यातले वीस दिवस मी त्या खोलीत नसायचो.

आमच्या कारखान्यात लेथ तयार व्हायचे. यंत्र मालगाडीनं पुढं जायचं आणि त्याच्यामागून पॅसेंजरनं मी. आज कानपूर, पुढच्या महिन्यात जबलपूर, मग कोइमतूर. यंत्र पायावर बसवायचं, पातळीत आणायचं, पहिला नग कातून दाखवायचा, तिथल्या कारागिरांना चालवायला शिकवायचं आणि परतीची गाडी धरायची. पन्नासच्या दशकाची ती शेवटची वर्षं. देशात जिकडं तिकडं कारखाने उभे राहत होते आणि आपण त्यात काहीतरी करतोय, अशी एक धुंदी होती. त्या धुंदीत मी स्टेशनावर मिळेल ते खायचो, मिळेल तिथं पडायचो आणि भूक मेली तर चहा प्यायचो.

सहा-आठ महिन्यांत शरीरानं हिशेब मागायला सुरुवात केली. पोट धरलं. घशाशी आंबट यायला लागलं. तोंडात फोड, टाचांना भेगा, हातापायांची कातडी चुन्यासारखी पांढरी. मला वाटायचं, मी तरुण आहे, होईल सवय.

माझे घरमालक रेल्वेतून निवृत्त झालेले गार्ड होते. त्यांचे पूर्वज दोन-तीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर दक्षिणेत आले आणि इथलेच झाले. घरात अजून मराठी बोलत, पण ती मराठी मला पहिल्या दिवशी निम्मीच कळली होती. ‘थोडं’ म्हणायचं तिथं ते ‘स्वल्प’ म्हणत, ‘बरं’ म्हणायचं तिथं ‘सरी’. सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणायची आणि त्यांच्या पत्नीला अक्का. म्हणून मीही तेच म्हणायला लागलो. अक्कांना माझ्या बोलण्याची गंमत वाटे. “पुस्तक वाचल्यासारखं बोलतोस तू,” असं त्या म्हणायच्या.

एकदा जबलपूरहून सकाळच्या गाडीनं परतलो. बूट काढायला मागच्या पायरीवर बसलो आणि मला उठवेना. अण्णा जास्वंदीची फुलं काढत होते. टोपली हातात तशीच धरून ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

“किती दिवस झाले?”

“अठरा. यंत्राचा एक भाग वाटेत अडकला होता, म्हणून—”

“ते नाही विचारत. पोट साफ होऊन किती दिवस झाले?”

मी लाजलो. घरमालकाशी असलं काय बोलायचं? पण अण्णांच्या तोंडावर चेष्टा नव्हती. मालगाडीच्या वाघिणींच्या कड्या तपासताना गार्ड जसा बघत असेल, तसे ते माझ्याकडं बघत होते.

“चार,” मी म्हणालो.

“झोप?”

“डोळे मिटतात. पण पडलं की खाट हलतेय असं वाटतं.”

“सरी,” अण्णा म्हणाले. “तू गाडीतून उतरलास. गाडी तुझ्या अंगातून उतरली नाही अजून.”

त्यांनी अक्कांना हाक मारून पाणी तापवायला सांगितलं. तिळाचं तेल कोमट करून वाटीत आणून दिलं आणि अंगाला लावून अर्धा तास सावलीत बस, म्हणाले. डोक्यापासून तळपायापर्यंत तेल चोपडून मी फणसाखाली बसलो. मला फार संकोच वाटत होता. मग कढत पाण्याची आंघोळ झाली, आणि अक्कांनी मऊ भात, मुगाचं कढण आणि वर चमचाभर तूप वाढलं. लोणचं मागितलं तर म्हणाल्या, “उद्या.” त्या दिवशी मी रजा टाकली. संध्याकाळी सहाला डोळा लागला तो सकाळी दुधवाल्याच्या आवाजानं उघडला. खाट हलली नाही.

त्यानंतर दौऱ्यावरून आलो की संध्याकाळी अण्णांच्या ओसरीवर बसायचं, असा पायंडाच पडला. अण्णांनी तीस-बत्तीस वर्षं गाडीच्या शेवटच्या डब्यात काढली होती. मालगाडीचा गार्ड म्हणजे एकटा माणूस, आणि सगळ्या गाडीचे धक्के शेवटी त्याच्या डब्यात येऊन थांबणार. पहिल्या चार वर्षांत आपण नोकरी सोडायला निघालो होतो, असं त्यांनी सांगितलं. मग लग्न झालं. सासरे वैद्य होते, पेठेत त्यांची औषधाची ओटी होती. त्यांनी जावयाची नाडी बघितली आणि विचारलं, तुम्ही दिवसभर काय करता, ते सकाळपासून सांगा. अण्णांनी सांगितलं. वैद्यांनी ऐकून घेतलं आणि त्या दिवशी एकही पुडी बांधली नाही.

“ते म्हणाले, औषध नको, शहाणपण पाहिजे,” अण्णा सांगत होते. “वाताचे गुण काय? कोरडा, गार, हलका आणि सदा हलणारा. आता गाडी बघ. वारा, धूळ, धक्के, वेळेचा पत्ता नाही. माणूस गाडीत बसला म्हणजे वातातच बसला. म्हणून गाडी जे काढून घेते ते आपण परत द्यायचं. ती कोरडं करते, तू तेल लाव. ती गार करते, तू गरम खा. ती हलवते, तू एक गोष्ट तरी हलू देऊ नकोस.”

“कुठली गोष्ट?”

“वेळ. जेवायची, झोपायची, सकाळी उठून डोळे मिटून बसायची. गाडी उशिरा धावेना का, तुझं पोट वेळेवर धावलं पाहिजे.”

मग बारीकसारीक गोष्टी निघत. निघण्याच्या आदल्या दिवशी जड खायचं नाही. बर्फाचं पाणी, सोडा, शिळ्या पुऱ्या यांच्या वाटेला जायचं नाही. नव्या गावचं पाणी उकळल्याशिवाय प्यायचं नाही, आणि उकळताना त्यात सुंठेचा तुकडा टाकायचा. कोळशाच्या धुरानं नाक सुकतं, म्हणून सकाळी नाकपुड्यांना आतून तुपाचं बोट फिरवायचं. झोपताना तळपायाला तेल. मुक्कामी पोचल्यावर पहिलं जेवण अर्ध्या पोटाचं, कारण शरीर पोचायला आणखी एक दिवस लागतो. आणि लघवीला किंवा परसाकडं जायची हाक आली की थांबवायची नाही. हे सांगताना अण्णा खो खो हसले. “गार्डाला हे फार कठीण रे. मी ड्रायव्हरांशी मैत्री ठेवायचो ती याच्यासाठी. मी खाली उतरून हात केला की तो दोन मिनिटं गाडी धरून ठेवायचा.”

अक्कांनी मला खादीची एक पिशवी शिवून दिली, आत कप्पे असलेली. तेलाची बाटली एका कप्प्यात, तुपाची डबी दुसऱ्यात, सुंठ, जिरं, खडीसाखर, भाजलेल्या मुगाचं पीठ आणि साळीच्या लाह्या. होल्डॉलमध्ये कपडे कमी झाले, पण ही पिशवी आणि फिरकीचा तांब्या मी कधी विसरलो नाही. इटारसीला गाडी थांबली की सहप्रवासी पुऱ्यांमागं धावायचे आणि मी चहावाल्याकडून तांब्यात उकळतं पाणी घ्यायचो. लाह्या भिजवायच्या, मीठ-जिरं टाकायचं, खिडकी अर्धी लावून शांतपणे खायचं. तीन-चार दौऱ्यांत फरक पडला. टाचा भरून आल्या. घरी येऊन दोन दिवस पडून राहायचो, ते बंद झालं. मुख्य म्हणजे परक्या गावी पहिल्या सकाळी जी एक उदासी यायची, आपण इथं कशाला आलो असं वाटायचं, ती येईनाशी झाली. सकाळी तेल लावून, पाणी पिऊन, दहा मिनिटं डोळे मिटून बसलो की ते गावही आपलंच वाटायला लागायचं.

इथंच मी थांबायला हवं होतं. पण गुण आलेला माणूस गप्प बसत नाही. कारखान्यात कुणाला शिंक आली की मी तूप सुचवायला लागलो. डब्यात शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला, तो केळ्यावर दूध पिताना, तुम्ही विष खाताय असं ऐकवायला लागलो. लोक मला वैद्यबुवा म्हणायला लागले. त्यात टोमणा होता, पण मी तो मानासारखा घेतला.

कानपूरला एका कारखान्यात यंत्र बसवायला गेलो होतो. तिथले फोरमन फाळणीत लाहोरकडून आलेले, पन्नाशीचे, आडव्या बांध्याचे गृहस्थ होते. काम संपलं त्या दिवशी दुपारी त्यांनी मला घरी जेवायला नेलं. दोन खोल्यांचं घर. चारपाईवर धुतलेली चादर अंथरलेली. फोरमनसाहेबांच्या पत्नी आत होत्या, त्यांच्या बांगड्यांचा आवाज तेवढा यायचा. ताट आलं. राजमा, आलूचे पराठे, दह्यातला रायता, वर पांढऱ्या लोण्याचा गोळा. दुसऱ्या दिवशी मला गाडी होती.

मी हात जोडले आणि म्हणालो, “माफ करा, प्रवासाच्या आदल्या दिवशी मी असलं जड घेत नाही. मला फक्त गरम पाणी चालेल.” आणि पिशवीतून मुगाचं पीठ काढलं.

“जशी तुझी मर्जी, बेटा,” फोरमनसाहेब म्हणाले. त्यांनी आत जाऊन स्वतः पाणी आणलं. आम्ही दोघं समोरासमोर बसून जेवलो, ते पराठे आणि मी पीठ. आतल्या बांगड्यांचा आवाज थांबला होता.

हे सगळं मी बंगळूरला आल्यावर अण्णांना मोठ्या फुशारकीनं सांगितलं. मोहाला बळी पडलो नाही, म्हणालो. अण्णा सुपारी कातरत होते.

“त्या बाई काय म्हणाल्या?”

“मला काय माहीत? त्या आत होत्या.”

अण्णा सुपारीची खांडं डबीत भरून उठले आणि आत गेले. मला वाटलं, झोप आली असेल.

त्याच वर्षी पावसाळ्याच्या शेवटी कोळशाच्या पट्ट्यातल्या एका गावी मला दौरा आला. चौथ्या दिवशी पोट बिघडलं. मी घाबरलो नाही, उलट मनात म्हटलं, आता आपल्या विद्येची परीक्षा आहे. लंघन केलं. सुंठेचं पाणी पीत राहिलो. दुसऱ्या दिवशी ताप भरला, तिसऱ्या दिवशी रक्त पडायला लागलं. कारखान्याचा मॅनेजर डॉक्टरला बोलावतो म्हणाला, तर मी त्याला आम म्हणजे पोटातला न पचलेला अंश, तो आधी पचला पाहिजे, औषधानं दाबायचा नसतो, हे झोपल्या झोपल्या समजावून सांगितलं. पाचव्या दिवशी मला उभं राहता येईना. तेव्हा दोन कामगारांनी माझं काही न ऐकता मला खाटेसकट उचललं आणि सरकारी दवाखान्यात नेऊन ठेवलं.

तिथं एक बंगाली डॉक्टरीणबाई होत्या, वयस्क, करड्या केसांच्या. त्यांनी माझी जीभ बघितली, कातडी चिमटीत धरून सोडली. ती उभीच राहिली.

“किती दिवस?”

“पाच.”

“पाच दिवस काय करत होतास?”

मी क्षीण आवाजात सुंठ, लंघन, वात असं काहीबाही बोललो. त्या रागावतील असं वाटलं होतं. पण सलाईनची सुई शोधत त्या शांतपणे म्हणाल्या, “माझे वडील कविराज होते, म्हणजे तुमच्याकडचे वैद्य. ते आज असते तर त्यांनी तुला काल सकाळीच माझ्याकडं पाठवलं असतं.”

तीन आठवडे मी त्या दवाखान्यात होतो. रक्ताची आव. आणखी एखादा दिवस गेला असता तर काय झालं असतं, हे बाईंनी मला निघताना सांगितलं, आधी नाही.

बंगळूरला उतरलो तेव्हा अण्णा स्टेशनावर आले होते. कारखान्यातून त्यांना कळलं होतं. माझ्याकडं बघून त्यांचा चेहरा इतका बदलला, की मीच त्यांना म्हणालो, “बरा आहे आता, अण्णा.” घरी पोचल्यावर त्यांनी ओसरीवर मला बसवलं आणि मग त्यांचा आवाज चढला. मी त्यांना चढ्या आवाजात बोलताना त्याआधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही.

“हे शिकवलं होतं मी तुला? रक्त पडतंय आणि सुंठ? माझे सासरे तीन पुड्या द्यायचे. उतार पडला नाही की स्वतः टांगा बोलवून माणसाला मोठ्या दवाखान्यात पाठवायचे. स्वतः सोबत जायचे. कुठं थांबायचं ते कळतं, त्याला वैद्य म्हणतात. तू कोण रे वैद्य?”

ते उठून अंगणात गेले आणि पाठमोरे उभे राहिले. अक्का हळूच म्हणाल्या, “रोज म्हणायचे, मी त्या पोराला अर्धंच सांगितलं. माझी चूक.”

मला त्यांची चूक वाटत नव्हती. पण अर्धं काय राहिलं होतं, तेही मला तेव्हा कळत नव्हतं.

पुढच्या दीड महिन्यात अक्कांनी मला उभं केलं. डॉक्टरीणबाईंच्या गोळ्या संपेपर्यंत वेळच्या वेळी अक्काच हातावर ठेवत. खाणं मात्र त्यांच्या वडिलांच्या पद्धतीचं. आधी तांदळाची नुसती पेज, वरचं पाणी. मग दाट पेज. मग मुगाचं कढण, मग त्यात मऊ भात, मग थोडं तूप. रोज सकाळी विचारायच्या, “भूक लागली की नुसती वेळ झाली?” पहिले काही दिवस मला या प्रश्नाचं उत्तर देता यायचं नाही. आश्चर्य वाटलं. दोन वर्षं मी नियम पाळत होतो, पण पोटाला विचारलं कधीच नव्हतं. घड्याळाला विचारलं, पिशवीला विचारलं.

त्याच सुमाराला बसवनगुडीत शेंगांची जत्रा भरली. देवळाच्या रस्त्यावर भुईमुगाच्या शेंगांचे ढीग लागले, गल्लीभर भाजल्याचा वास. मी काकुळतीनं बघत होतो. अक्कांनी पाच शेंगा मोजून हातावर ठेवल्या. “चावून चावून,” म्हणाल्या. त्या पाच शेंगांइतकं चवदार मी पुढं फारसं काही खाल्लं नाही.

माघ संपता संपता अण्णांना तंजावरहून तार आली. त्यांची थोरली बहीण आजारी होती. अक्कांचे गुडघे धरलेले, त्यांना प्रवास झेपणार नव्हता. मी अजून हलक्या कामावर होतो, रजा शिल्लक होती. मी म्हणालो, मी येतो.

निवृत्त झाल्यापासून अण्णा गाडीत बसले नव्हते. मला वाटलं होतं, गाडीत ते माझे गुरू असतील. झालं उलटंच. प्रवासी म्हणून त्यांना बसताच येईना. गाडी सुटली की घड्याळ काढायचे, थांबली की दारात जायचे, सिग्नल पडला नाही की पुटपुटायचे. जोलारपेटला गाडी बदलायची होती. तिथं त्यांनी फलाटावर उभ्यानं चार वडे खाल्ले, तेलकट, गार. मी बघत राहिलो. पुढच्या गाडीत ते छातीवर हात ठेवून बसले.

“जळजळतंय?” मी विचारलं.

“स्वल्प,” म्हणाले. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, “आईमागं हिनंच मला वाढवलं. सात वर्षांचा होतो. तार हातात पडल्यापासून भूक कुठं आणि तहान कुठं, काही कळत नाही बघ.”

मी तांब्यातलं गरम पाणी त्यांना घोटभर दिलं. दुपारची वेळ, डबा अर्धा रिकामा. मी त्यांचे पाय माझ्या मांडीवर घेतले आणि तळव्यांना तेल लावायला लागलो. ते आधी नको नको म्हणाले, मग डोळे मिटून बसले. तीस वर्षं धक्के खाल्लेले ते पाय, टाचा मात्र मऊ होत्या. अर्ध्या तासानं त्यांचा श्वास लांब झाला. मी तेल लावत होतो, पण स्थिर मीच होत होतो.

तंजावरला पोचलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. बहीण अंथरुणावर होती, पण शुद्धीत. भावाला बघून तिनं उठायचा हट्ट धरला. सुनेच्या खांद्याला धरून ती स्वयंपाकघरापर्यंत गेली आणि स्वतःच्या हातानं सकाळचा दहीभात कालवून, वर आंब्याचं लोणचं घालून, दोन पानं मांडली. दही आंबट, भात गार, वेळ भलतीच. अण्णांच्या ओसरीवर जे जे खायचं नाही म्हणून मी शिकलो होतो, ते सगळं त्या पानात होतं.

अण्णा मांडी घालून बसले आणि जेवले. पहिला घास घेताना त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. बहीण भिंतीला टेकून बघत होती. “अजून घे,” म्हणाली. त्यांनी अजून घेतलं. मीही घेतलं. आणि खाता खाता मला कानपूरच्या त्या घरातला थांबलेला बांगड्यांचा आवाज आठवला.

संध्याकाळी देवळाच्या पटांगणात बसलो असताना मी अण्णांना म्हणालो, “दुपारी बाधलं नाही ना?”

“बाधेल की उद्या थोडं,” अण्णा म्हणाले. “मग उद्या लंघन करीन. ते माझ्या हातात आहे. तिच्या हातचं खाणं उद्या माझ्या हातात असेल का?”

आम्ही आठ दिवस राहिलो. बहीण त्या दुखण्यातून उठली आणि आणखी दोन वर्षं जगली. अण्णांना बाधलं ते जोलारपेटच्या वड्यांनी, दहीभातानं नाही. निदान ते तसंच सांगायचे.

पुढच्या वर्षी कानपूरला त्याच कारखान्यात दुसरं यंत्र गेलं. पहिल्याच दिवशी मी फोरमनसाहेबांना म्हणालो, “मला तुमच्या घरी जेवायला यायचंय. मागच्या वेळी मी चुकलो.” ते हसले नाहीत, पण खांद्यावर हात ठेवून घेऊन गेले. या वेळी मी आत डोकावून त्यांच्या पत्नीला नमस्कार केला आणि खरं ते सांगितलं, की मी मरता मरता वाचलोय, पोट अजून नाजूक आहे, पण तुमच्या हातचं खायचंय. त्या डोक्यावरची ओढणी सावरत म्हणाल्या, “मग हे आधीच सांगायचं नाही का? मागच्या वेळी मला वाटलं, आमच्या घरचं चालत नाही तुला.” त्यांनी मुगाची खिचडी केली, आलं घालून, वर तूप सोडून, आणि बाजूला चमचाभर राजमा ठेवला, “नुसती चव बघायला.” मी दोन्ही खाल्लं. नंतर जेव्हा जेव्हा त्या गावी गेलो तेव्हा लॉजवर उतरलोच नाही.

असे सात-आठ वर्षं दौरे केले. आजारी पडलो नाही असं नाही, पण पडलो तेव्हा वेळेवर डॉक्टरकडं गेलो. लग्न झालं, आम्ही दोन गल्ल्या पलीकडं घर घेतलं. अण्णा एका उन्हाळ्यात थोड्या दिवसांच्या तापानं गेले. दवाखान्यात ते डॉक्टरांचं सगळं निमूटपणे ऐकत असत.

साठच्या दशकाच्या शेवटी मला बढती मिळाली आणि दौरे सुटले. आता टेबल, खुर्ची, पंखा आणि वेळेवर डबा. मला वाटलं, शरीर सुखावेल. सहा महिन्यांत माझं पोट सुटलं. सकाळी डोकं जड, जिभेवर चिकटा, जेवल्यावर डोळे मिटायला लागले. प्रवासातली सगळी पथ्यं मी घरीही तशीच पाळत होतो, तेल, तूप, दुपारी गरम जेवण, आणि दिवसेंदिवस मठ्ठ होत होतो.

एका रविवारी अक्कांना भेटायला गेलो. त्या आता पुतण्याकडं राहत होत्या, त्याच घरात. मी गाऱ्हाणं सांगितलं. त्यांनी माझ्या पोटाकडं बघितलं आणि पदर तोंडाला लावून हसल्या.

“आता कुठं चालला आहेस रोज?”

“कुठंच नाही, अक्का. बसून असतो.”

“मग बसलेल्या माणसाला तूप कशाला?” त्या म्हणाल्या. “सकाळी उजाडायच्या आत ऊठ आणि लालबागेच्या खडकापर्यंत चालत जा. येताना भूक लागली असेल तर खा.”

दुसऱ्या दिवशी निघालो. रस्त्यावर धुकं होतं आणि अंगात आळस. परत फिरावं असं दोनदा वाटलं. खडकावर चढेपर्यंत दम लागला. वर आणखी चार-पाच माणसं बसली होती, एकमेकांशी न बोलता. मीही बसलो, आणि खरोखर भूक लागलीय का, याचा अंदाज घेत राहिलो. नक्की सांगता येईना. तेव्हा उठलो आणि बागेला एक फेरी मारायला निघालो.